आप्पा, पांढरी आणि निरपराध कावळा

आमचे आप्पा गाडीत बसण्याआधी गाडीचा वास घ्यायचे. दार उघडायचं, डोळे मिटायचे, डोकं आत घालायचं आणि बाजारात खरबूज घेताना लोक देठाशी नाक नेतात तसा एक लांब श्वास ओढायचा. तोवर आम्ही सगळे नटूनथटून पार्किंगमध्ये ताटकळत उभे. कुणाचा मुहूर्त टळत असो की कुणाची गाडी सुटत असो, वास घेतल्याशिवाय आप्पा कुणाला आत बसू द्यायचे नाहीत. मग डोळे उघडून ते निकाल द्यायचे. "कोरडी हाय," म्हणाले की बसायचं. काहीच न बोलता दार लावलं की समजायचं, आज रिक्षा.

आप्पा म्हणजे माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी निफाडकडच्या एका कालव्यावर गेली. पाण्याच्या पाळ्या सोडायच्या, चाऱ्या, म्हणजे कालव्याचे लहान फाटे, तपासायच्या आणि कालव्याच्या भरावातून कुठे पाणी पाझरतंय ते शोधत उन्हातान्हात चालायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तरी नजर भरावावरच राहिली. कुणाच्याही घरी गेले की आधी छताच्या कोपऱ्यांकडे बघायचे आणि मग यजमानांकडे. पालथा हात भिंतीला लावून हळूहळू पुढे सरकायचे. नवख्या माणसांना वाटायचं, म्हाताऱ्याचा तोल जातोय, आणि ते घाईघाईने खुर्ची पुढे करायचे.

मला बघायला मखमलाबादला आमच्या घरी आले तेव्हाही हेच. मला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. शिक्षण नाही, स्वयंपाक नाही, काही नाही. पोह्यांची बशी हातात धरून ते उठले, बैठकीच्या भिंतीशी गेले आणि माझ्या बाबांना म्हणाले, पलीकडे न्हाणी आहे का? बाबांचा चेहरा पडला. नुकताच रंग दिलेला होता, तोही खास या कार्यक्रमासाठी. आप्पांनी नळाची कुठली जोडणी उघडून बघायची ते सविस्तर सांगितलं आणि निघताना चपला घालता घालता म्हणाले, "भिंतीचं तेवढं बघून घ्या. बाकी सगळं पसंत हाय." सगळ्या भेटीत माझ्याबद्दल ते एवढंच बोलले.

त्यांचं एक वाक्य घरात दिवसातून दोनदा तरी ऐकू यायचं: "ओल दिसती तिथं गळती नसती." हे भिंतीला लागू होतं, तसंच माणसांनाही. माझं आणि नितीनचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, चहात साखर जास्त पडली म्हणून वाजलं की आप्पा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगायचे, की ओल चहात दिसतेय, गळती ऑफिसात आहे. बहुतेक वेळा ते बरोबर असायचे आणि त्यामुळे आणखी राग यायचा.

गाडीचं नाव पांढरी. गोठ्यातल्या गाईला ठेवावं तसं रंगावरून ठेवलेलं. आप्पांनी ती नोकरीत असतानाच कुणाकडून तरी जुनी घेतली होती, म्हणजे आमच्या घरी आली तेव्हाच ती पोक्त होती. पेट्रोल भरण्याला ते "पाजणं" म्हणायचे. माझ्या लग्नात हीच गाडी सजली होती. बाबांचा झेंडूचा मळा, त्यात पोरीचं लग्न, मग काय विचारता. बाबांनी आणि काकांनी बॉनेटवर, टपावर, वायपरच्या खाली, जिथे बोट शिरेल तिथे फुलं खोचली. समोरचा रस्ता दिसायला काचेत एक खिडकीएवढी जागा तेवढी ठेवली होती, तीही आप्पांनी भांडून मिळवली. अशा चालत्या मळ्यात बसून मी सासरी आले. साखरपुडा दसऱ्याच्या आधी झाला होता, त्यामुळे त्या दसऱ्यालाही बाबांनी विहिणीकडे झेंडूचं पोतं पाठवलंच होतं. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, देवाधर्माच्या बाबतीत सढळ हाताच्या. त्यांनी गाडीच्या डाव्या बाजूला, जिथे त्या नेहमी बसतात तिथे उभं राहून, ओंजळी भरभरून पूजा केली होती.

पुढच्या पावसाळ्यात पांढरीत पाणी आलं. ते आम्हाला कळलं तेही मोठ्या थाटात. मालेगावला आईंच्या भाचीचं डोहाळजेवण होतं. आईंनी पैठणी नेसली होती. मागच्या सीटवर मी, नितीन आणि आईंची धाकटी बहीण, जिला सगळे मावशी म्हणतात. आदल्या दिवशी दिवसभर झोडपून पाऊस झाला होता. चांदवड मागे पडलं, घाटाचा उतार लागला, समोर ट्रक थांबला म्हणून आप्पांनी ब्रेक दाबला आणि आईंच्या पायांवरून लाट गेली. खरीखुरी लाट. कार्पेटखाली साठलेलं सगळं पाणी उसळून पुढे आलं, पैठणीचा काठ बुडवून मागे गेलं आणि पुढच्या ब्रेकला परत आलं. आईंनी पाय वर घेतले. मालेगावपर्यंत त्या सीटवर मांडी घालून पैठणीचा काठ पिळत बसल्या होत्या.

बोलल्या त्या मावशी. म्हणाल्या, "लग्नाआधी गाडी कशी कोरडी ठणठणीत होती. असतो बाई एकेकीचा पायगुण." मी त्यांना खेटून बसले होते. नवी सून असल्यामुळे मला खिडकीबाहेरचे कांद्याचे ट्रक फार आवडायला लागले. आप्पांनी आरशातून मागे बघितलं आणि म्हणाले, "शेतकऱ्याची पोर हाय. तिच्यामागं पाणी आलं तर चांगलंच म्हणायचं." एवढं बोलून ते पुन्हा ट्रककडे बघायला लागले. आप्पा मला खरे आवडायला लागले ते त्या घाटात.

परत आल्यावर आईंनी निकाल सांगितला. ओल्या गाडीतल्या कुबट वासाने त्यांना शिंकांवर शिंका येत होत्या. नवरात्रात वणीला जायचं असेल तर त्या एसटीने जातील, या डबक्यात पाय ठेवणार नाहीत, आणि दसऱ्याला त्याची पूजाही करणार नाहीत. नवरात्रापर्यंत कोरडं झालं नाही तर विकून टाका. नितीन याच क्षणाची वाट बघत होता. त्याने त्याच संध्याकाळी विक्रीच्या जाहिरातीसाठी पांढरीचे फोटो काढले.

आप्पा त्या रात्री कमी जेवले. त्यामागचं कारण मला नंतर कळलं. नोकरीभर पाण्याची पाळी सुटली की आप्पा कालव्यावर आणि आई घरी. सणवार तसेच, मुलाची आजारपणं तशीच. गाडी घेतली तेव्हा त्यांनी आईंना शब्द दिला होता, की वर्षातून एकदा वणीला देवीच्या दर्शनाला आपण दोघंच जायचं. मुलं नाहीत, पाहुणे नाहीत. तेव्हापासून दर नवरात्रात दोघं पहाटे निघायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. वाटेत काय बोलायचे, काय खायचे, कुणाला माहीत नाही. आई डाव्या सीटवर बसायच्या, आणि नेमकी तीच जागा ओली झाली होती.

मग सुरू झाली आप्पांची मोहीम. आधी गॅरेज. तिथल्या माणसाने दारांचे रबर बदलले, पुढच्या काचेचं रबर बदललं, आणि तरी पाणी आलं तेव्हा म्हणाला, की काका, जुनी गाडी आहे, थोडं पाणी येणारच. हा "येणारच" आप्पांना शिवीसारखा लागला. कालव्यावर असं म्हणणाऱ्या माणसाला त्यांनी भरावावरून खाली उतरवलं असतं. तिथून पुढे पांढरीचं सगळं त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं आणि पांढरीची दशा सुरू झाली. जिथे फट दिसेल तिथे त्यांनी सिलिकॉन भरलं. टपाच्या कडा, दिव्यांच्या कडा, ज्यांचा पाण्याशी काही संबंध नाही अशाही कडा. गाडी प्लास्टर घातलेल्या पेशंटसारखी दिसायला लागली. पाणी येतच होतं. मग त्यांनी गाडीच्या तळाचं रबरी बूच काढून टाकलं, म्हणजे आलेलं पाणी आपलं आपण निघून जाईल. ते गेलंही. पण पुढच्या पावसात कॉलेज रोडला साचलेलं पाणी त्याच भोकातून वर आलं आणि एक बेडकाचं पिल्लू घेऊन आलं. बूच परत बसलं.

वासाबद्दल तर बोलायलाच नको. भिजलेलं कार्पेट आंबून असा दर्प सुटला होता, की नितीन म्हणायचा, विंचूरच्या वाइन पार्कात जायची गरज नाही, पार्किंगमध्ये या. आप्पा मात्र त्या वासातही फरक करायचे. हा कालचा, हा परवाचा, हा ताजा. रोज सकाळी डोकं आत घालून ते पांढरीची नाडी बघायचे.

शेवटी त्यांनी आईंची रांगोळी पळवली. कार्पेट उचललं, खालचा पत्रा फडक्याने कोरडा केला आणि डॅशबोर्डच्या खाली, कोपऱ्याकोपऱ्यात, सगळीकडे पांढरी रांगोळी भुरभुरवली. पाण्याचा एक थेंब जरी आला तरी रांगोळीत त्याची वाट उमटेल, असा बेत. हे बघायला आत कुणीतरी झोपायला हवं होतं. नितीन डॅशबोर्डखाली मावत नव्हता, आई संपावर होत्या. राहिले मी. पुढचे सगळे रविवार मी पांढरीत उलटी पडून काढले. डोकं आईंच्या पाय ठेवायच्या जागेत, पाय सीटच्या पाठीवर, हातात मोबाइलचा उजेड. बाहेर आप्पा नळी घेऊन उभे. काचा बंद, म्हणून खुणा ठरल्या. कोरडं असेल तर पत्र्यावर एक टकटक, ओलं दिसलं तर दोन.

पाणी शोधायचं ते खालून वर, असा त्यांचा नियम होता. आधी फक्त दाराच्या खालच्या कडेवर नळी, मग दार, मग काच, मग टप. एकदम वरून ओतलं तर सगळंच ओलं होतं आणि कळत काहीच नाही. प्रत्येक ठिकाणी बराच वेळ थांबायचं. या थांबण्यात आप्पा गप्पा मारायचे. मला आतून बोलता यायचं नाही, त्यांचा मात्र आवाज कालव्याच्या पलीकडे पोचवायची सवय असलेला. "नितीन भांडी घासतो का गं?" मी एक टकटक. "बरोबर, तिकडं कोरडंच हाय." तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी हसायचं. आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टी अशा टकटकींतून अख्ख्या सोसायटीला कळल्या. शेजारच्या बायका रविवारी चहाचे कप घेऊनच गॅलरीत यायला लागल्या.

एका रविवारी सकाळी मावशींचा फोन आला. गाडी वाळली का, म्हणून विचारलं, आणि पुन्हा ते पायगुणाचं बोलल्या. थट्टेतच बोलल्या असतील. मी हसून फोन ठेवला, खाली गेले, गाडीत उलटी पडले, आणि तिथे, डोक्याखाली रांगोळी आणि नाकात तो वास, मला रडू फुटलं. माहेरच्या आईची, बाबांची, मळ्याची, सगळ्यांची एकदम आठवण आली. आप्पांनी काचेतून बघितलं. त्यांनी दार उघडलं नाही, काय झालं विचारलं नाही. नळीचं तोंड बोटाने दाबून त्यांनी माझ्या बाजूच्या काचेवर पाण्याची धार धरली. मग मागच्या दाराच्या काचेवर. मग परत माझ्या. बाहेरून पाण्याच्या पडद्यापलीकडे कुणालाही काही दिसलं नसतं. नळ थेंबथेंब गळत असला तर ज्या माणसाला झोप यायची नाही, तो माणूस टाकी रिकामी होईपर्यंत पाणी सोडत उभा होता. सेक्रेटरी ओरडत खाली आले, तर त्यांना म्हणाले, टेस्टिंग चालू आहे. मी डोळे पुसून एक टकटक केली, तेव्हा त्यांनी नळी खाली ठेवली आणि दार उघडून म्हणाले, "त्या काचेतून गळत नाय. आता खात्री झाली."

पितृपक्ष लागला. नवरात्र तोंडावर आलं. पुढच्या काचेच्या खालच्या कडेला नळी धरली की डॅशबोर्डच्या आतून, एसीच्या पंख्याच्या बाजूने, रांगोळीत एक वाट उमटायची, एवढं आम्हाला कळलं होतं. पण तिथे फट सापडत नव्हती. फोटो बघून एक गिऱ्हाईक पांढरी बघायला येणार होतं. त्या दुपारी आप्पांनी प्लास्टिकची खुर्ची आणली, बॉनेटसमोर टाकली आणि नुसते बघत बसले. चहा नेला तर म्हणाले, "आपण एवढे दिवस पाणी आत कुठून येतं तेच बघत बसलो. बाहेर कुठून जायला पाहिजे, ते बघितलंच नाय." मग कपातला चहा तसाच ठेवून उठले. "धरणाला सांडवा असतो. पांढरीचा सांडवा कुठं हाय?"

काचेच्या खाली, वायपर बसतात तिथे, एक काळी प्लास्टिकची पट्टी असते भोकाभोकांची. काचेवरचं पाणी त्या भोकांतून खालच्या पन्हळीत पडतं आणि तिथून एका नळीने चाकाजवळ जमिनीवर जातं. आप्पांनी वायपर काढले आणि ती पट्टी उचकटली. खाली पन्हळ नव्हतीच. खाली वाफा होता. काळीभोर माती झालेला चिखल काठोकाठ भरलेला, आणि त्यात पिवळट, लांबट, उजेडासाठी धडपडणारी रोपं. आप्पांनी बोटांनी चिखल चिवडला. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या निघाल्या, अक्षता निघाल्या, एक सुपारी निघाली, हाराचा दोरा निघाला. पाणी सांडव्याने जाऊ शकत नव्हतं, म्हणून फुगून पंख्याच्या वाटेने आत उतरत होतं. शेवटी चिखलातून सोनेरी जरीची एक फीत निघाली. ती मी ओळखली. काकांनी ती लग्नाच्या दिवशी माझ्यासमोर झेंडूच्या माळेला गुंडाळली होती.

म्हणजे मावशी म्हणत होत्या ते खरं होतं. मी आले त्या फुलांनीच पाणी आणलं होतं. थोडी आईंच्या पूजेची, बरीचशी माझ्या वरातीची, आणि सगळीच्या सगळी माझ्या बाबांच्या मळ्यातली. माझा चेहरा बघून आप्पांनी फीत स्वतःच्या खिशात टाकली.

"कुणाला सांगायचं नाय," ते म्हणाले. "तुझ्या बाबांना कळलं तर ते फुलं पाठवायचे बंद होतील. हिला कळलं तर ही वाहायची बंद होईल. आणि मावशीला कळलं तर आपल्याला नाशिक सोडावं लागंल."

"मग सांगायचं काय?"

आप्पांनी आजूबाजूला बघितलं. कंपाउंडच्या भिंतीवर कुणीतरी पितरांचं पान ठेवलं होतं आणि एक कावळा त्यातली वडी निवडून खात होता. आप्पांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "त्यानं घरटं बांधलं."

आम्ही चिखल काढला, नळीत तार फिरवली आणि आप्पांनी तांब्याभर पाणी पन्हळीत ओतलं. गडगड आवाज झाला आणि चाकाजवळ स्वच्छ धार पडली. आप्पा उकिडवे बसून त्या धारेकडे बघत राहिले. कालव्याचं पाणी टेलला, म्हणजे शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत, पोचलं की त्यांचा चेहरा असाच होत असणार. "टेलला पोचलं," ते म्हणाले, आणि मला म्हणाले, रांगोळी बघ. मी आत जाऊन बघितलं आणि पत्र्यावर एकच टकटक केली.

कावळ्याची गोष्ट घरात सांगितली आणि भलतंच झालं. पितृपक्षात कावळ्याला नावं ठेवता, म्हणून आईंनी आप्पांना फैलावर घेतलं. मग विचार करून त्या म्हणाल्या, की मामंजींचा या गाडीत जीव असेल. मामंजी, म्हणजे आप्पांचे वडील, पांढरी घेण्याच्या कितीतरी आधी गेले होते, त्यांचा जीव बैलगाडीत होता. पण आप्पांनी मान डोलावली. सर्वपित्रीपर्यंत आई रोज एक जास्तीची वडी पांढरीच्या टपावर ठेवत होत्या. अख्ख्या गंगापूर रोडचे कावळे आमच्या पार्किंगमध्ये यायला लागले आणि आप्पा रोज सकाळी ओल्या फडक्याने टप पुसताना दिसायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. मी हसत असेन हे त्यांना माहीत असायचं.

नवरात्रात दोघं वणीला गेले. निघताना आप्पांनी दार उघडून वास घेतला, आईंना म्हणाले, "कोरडी हाय," आणि आईंनी नेहमीसारखं "आहे म्हणा" म्हणून त्यांची भाषा सुधारून पाहिली. संध्याकाळी गाडी फाटकातून आत आली तेव्हा आई डाव्या सीटवर झोपल्या होत्या. चपला काढून अनवाणी पाय त्यांनी कार्पेटवर सरळ सोडले होते. आप्पांनी इंजिन बंद केलं तरी त्यांना उठवलं नाही. नितीनने जाहिरातीतले फोटो काढून टाकले आणि गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

दसऱ्याला बाबांकडून पोतं आलं. आई डाव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि ओंजळी भरभरून त्या काळ्या पट्टीवरच फुलं वाहिली, अगदी नेमून दिल्यासारखी. मी आप्पांकडे बघितलं तर ते हात जोडून शांत उभे. दुसऱ्या दिवशी पहाटे ते फिरायला म्हणून खाली गेले आणि मी गॅलरीतून बघितलं. त्यांनी वायपरखालची पट्टी अलगद उचलली. पट्टीखाली त्यांनी कांद्याच्या गोणीची लाल जाळी कापून बसवली होती. सगळ्या पाकळ्या जाळीत अडकल्या होत्या. त्यांनी ती उचलली, कुंड्यांत झटकली आणि परत बसवली. कुंड्यांत पांढरीतून निघालेली ती पिवळट रोपं त्यांनी लावली होती. आईंना सांगितलं होतं, सूनबाईच्या माहेरची आहेत. यात खोटं काहीच नव्हतं.

पुढे दर दसऱ्याला असंच झालं. आई वाहायच्या, आप्पा उचलायचे, मी गॅलरीतून बघायची. बाबा पोतं पाठवत राहिले. पांढरी कोरडी राहिली आणि पायगुणाचं बोलणं आपोआप बंद झालं.

मागच्याच्या मागच्या थंडीत आप्पा गेले. आजारपण नाही, दवाखाना नाही. दुपारी झोपले ते चहाला उठले नाहीत. मला फार जड गेलं. वडिलांसारखा माणूस गेला, असं लोक म्हणतात. मला तसं वाटलं नाही. मला बाबा आहेत. काचेवर पाण्याची धार धरणारा माणूस मात्र एकच होता.

वर्षश्राद्धापर्यंत घरात सण नव्हते. त्या दसऱ्याला पांढरी कोपऱ्यात धूळ खात उभी राहिली. नितीन पुन्हा विकायचं बोलायला लागला. आता ती चालवणार कोण, जागा कशाला अडवायची. आई ऐकून घ्यायच्या आणि उत्तर द्यायच्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी दसरा आला तेव्हा बाबांनी सवयीने पोतं पाठवलं. सकाळी मी आईंच्या आधी खाली गेले, पट्टी उचलली आणि बघितलं, तर लाल जाळी उन्हाने चुरा होऊन गेली होती. आता कांद्याची गोणी आणायची कुठून आणि कापायची कधी, असा विचार करत मी उभी होते, तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन आल्या. काखेत एक पिशवी होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली. "आधी हे लाव," म्हणाल्या.

पिशवीत लाल जाळ्या होत्या. पन्हळीच्या नेमक्या आकाराच्या, एकावर एक रचलेल्या, चांगला जाडजूड गठ्ठा. आणि प्रत्येक जाळीच्या कडा दुमडून वर मशीनची बारीक टीप मारलेली. आप्पांना सुईत दोरा ओवता यायचा नाही. घरात मशीन चालवतात त्या फक्त आई.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला म्हणाले, गाडीला लागतात, कडा शिवून दे. मी दिल्या." आई ताटातली फुलं सारखी करत होत्या. "कुंडीतल्या रोपांच्या मुळाशी माझ्या पूजेच्या अक्षता बघितल्या तेव्हाच कळलं. कावळा झेंडू कधीपासून आणायला लागला?"

"मग बोलला का नाहीत?"

"ते इतकं जपून लपवत होते," आई म्हणाल्या. "मी बोलले असते तर त्यांना पहाटे खाली जायला निमित्त राहिलं नसतं. आणि मला पूजा थोडी आवरती घ्यावी लागली असती. दोघांचंही नुकसान."

मी जाळी बसवली, पट्टी दाबली. आई डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, ओंजळ भरली आणि आप्पा असताना वाहायच्या त्यापेक्षाही जास्त फुलं त्या पट्टीवर घातली. नितीन मागे आला होता. त्याच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "पिशवीतल्या जाळ्या संपेपर्यंत गाडी विकायची नाही." नितीनने पिशवी उचलून बघितली, आणि तिच्या वजनावरूनच तो काय ते समजला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाळी उचलायला मी खाली गेले. आई माझ्या आधीच तिथे होत्या. पांढरीचं डावं दार उघडं होतं, त्यांनी डोळे मिटले होते आणि डोकं आत घातलं होतं. माझी चाहूल लागली तशा त्या बाहेर आल्या, जरा लाजल्या, पदर सारखा केला.

"कोरडी हाय," म्हणाल्या.

मग आम्ही दोघी पाकळ्या उचलायला लागलो.